सातबारा किंवा रविवार

कृष्णा-कोयनेच्या दोन्ही काठांवर मिळून घड्याळाला मान देणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते म्हणजे आमच्या ह्यांना सांभाळायला आलेली बाई. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हा ती आमच्या कराडच्या घरी आली. पन्नाशीची, कोयनेच्या वरच्या अंगाची. नवरा फौजेत होता, तो गेला आणि मागे एक लोखंडी ट्रंक व 'ड्युटी' हा शब्द ठेवून गेला. सकाळी आठला ती मागच्या दारानं यायची, खुंटीवरचा निळा एप्रन चढवायची आणि पलंगाशी ताठ उभी राहून सांगायची, "साहेब, ड्युटीवर आले." संध्याकाळी सहा वाजले की एप्रन खुंटीला आणि बाई मागच्या दारानं बाहेर. दोन मिनिटांनी पुढच्या दाराची बेल वाजायची. उघडून बघावं तर हीच! पदर सारखा केलेला, तोंडावर पाहुणीचं हसू. "आवं काकू, हिकडनं चालले हुते, म्हटलं डोकवावं. च्या टाकलाय का?" दिवसभर जी सोफ्याला टेकलीही नव्हती, ती आता त्यावर मांडी घालून बसायची आणि मलाच विचारायची, "साहेबांची तब्येत कशी हाय?" पहिल्या दिवशी मला वाटलं, घरात आता दोन पेशंट झाले.

तिला हाक मारायचीही पंचाईत. मी सवयीनं "मावशी" म्हटलं तर म्हणाली, "तुमच्यापरीस ईस वर्सांनी ल्हान हाय मी. मावशी कशी वं हुईन? ड्युटीवर 'बाई' म्हणा, अवो-जावो करा. सहाच्या पुढं काय बी म्हणा." त्यामुळं पावणेसहाला "बाई, जरा ह्यांची उशी सारखी करता का?" आणि सव्वासहाला "अगं, बिस्कीट घे की," असं मला बोलावं लागे. सातारच्या सरकारी कचेरीत मी तेहतीस वर्षं कारकुनी केली, साहेब बदलले, फायली बदलल्या, पण भाषा इतकी घड्याळावर कधी चालवली नव्हती.

आता ह्यांच्या जिभेबद्दल सांगायला हवं. झटक्यानंतर ह्यांच्याकडं दोनच शब्द उरले, 'मंजूर' आणि 'नामंजूर'. चहा देऊ? मंजूर. औषध? नामंजूर. डॉक्टरांना नवल वाटलं, मला नाही. हे त्याच कचेरीत हेडक्लार्क होते आणि रजेचे अर्ज ह्यांच्या टेबलावर येत. मी तेव्हा तेवीस वर्षांची, काडीसारखी, नायलॉनच्या साडीतली पुढारीण. कचेरीच्या फाटकावर उभी राहून ओरडायची, "रजा आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!" एकदा इतकी ओरडले की घसा बसला आणि घसा बसल्याची रजा मागायला ह्यांच्याच टेबलापुढं खुणा करत उभी राहिले. नामंजूर. मग मला बघायला कुठलासा मुलगा येणार होता, त्याचा अर्ज टाकला. नामंजूर. दुसरा मुलगा, दुसरा अर्ज, तेही नामंजूर. मी रागानं लाल. तिसऱ्या खेपेला अर्ज करायची वेळच आली नाही, कारण रविवार होता आणि बघायला हेच आले होते. एवढी कायदा कोळून प्यालेली मी, पण ते दोन अर्ज का अडकले हे मला पोहे पुढं करताना कळलं.

तर अशी मी, हक्काची पुढारीण. आणि बाईनं दुसऱ्याच महिन्यात आठवड्याची सुट्टी मागितली, तेव्हा माझ्या तोंडून काय निघावं? "सुट्टी कसली हो बाई? तुम्ही तर आम्हाला घरच्यासारख्या!"

ती ह्यांची चादर बदलत होती. ती पूर्ण खोचून झाल्यावर वळली. "घरच्यासारखी म्हंजी कशी वं काकू? घरची का परकी, एक काय ते बोला. घरची असंन, तर सातबाऱ्यावर नाव लावा. परकी असंन, तर रविवार द्या. ह्यातलं काय बी जमत नसंल, तर म्हैनाअखेरीला मी जाते."

ह्यांना कुशीवर वळवणं मला एकटीला जमत नव्हतं. तीन बायका येऊन गेल्या होत्या, तिघींच्या हातांखाली हे कण्हायचे, हिच्या हाताखाली झोपायचे. मी काही बोलणार तोच पलंगावरून, वाकड्या तोंडातून, पण अगदी ठणठणीत आवाज आला, "मंजूर!" सातबारा मंजूर की रविवार, हे त्यांनी सांगितलं नाही. मी घाईनं रविवार दिला.

त्या दुपारी मला सासूबाईंना सांभाळणारी बाई आठवली. आठ वर्षं ती आमच्या घरी होती. ती घरात होती म्हणून तर मी लग्नानंतरही फाटकावर जाऊन रजेच्या घोषणा देऊ शकत होते. आठ वर्षांत तिनं एक खाडा केला नाही, असं मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायची. तिचं नाव आठवायला गेले तर आठवेना. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो.

मग मी कचेरीचा जुना चष्मा आणि शाईचं पेन काढलं आणि बाईला रीतसर नेमणूकपत्र लिहून दिलं. कामाची वेळ आठ ते सहा, रविवारी सुट्टी, वर्षाला इतक्या भरपगारी रजा, आजारपणाच्या वेगळ्या, दिवाळीला बोनस, बारा महिन्यांनी पगारवाढ. तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "भांड्यांचं न्हाई ल्हिलं." खाली कलम वाढवलं, 'काम फक्त रुग्णाचे.' हे कलम मला लवकरच नडलं. ह्यांना बघायला सांगलीहून नऊजण आले. मी हळूच म्हटलं, "बाई, चार पुरणपोळ्या लाटू लागता का?" तिनं बैठकीत डोकावून पाहुण्यांना नीट न्याहाळलं. "त्यातलं पेशंट कोण हाय?" मी म्हटलं, "कुणीच नाही." "मग लाटू द्या की त्यास्नी." पण त्याच संध्याकाळी सहाला बेल वाजली आणि पाहुणी आत येऊन, पदर खोचून, उरलेल्या सगळ्या पोळ्या लाटून गेली. "सोताच्या हौसेनं करतीया," मला बजावलं, "नायतर उद्या कलमात घालाल."

रविवारी ती करते तरी काय, याची मला फार उत्सुकता. एका रविवारी मी शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवून भाजीला बाहेर पडले, तर बाई संगमावर घाटाच्या पायरीला पाय पसरून, एकटीच, भेळ खात बसलेली. बघत होती पाण्याकडं. दुसरं काहीच नाही. माझ्यातली जुनी मालकीण जागी झाली. "ह्यासाठी सुट्टी घेतलीस होय गं?" तिनं भेळेचा कागद माझ्यापुढं धरला. "काकू, तुमी कचेरीत अर्जावर कारण काय ल्हित हुता?" बहुतेक अर्जांवर मी 'खाजगी काम' लिहायची आणि सिनेमाच्या दुपारच्या खेळाला जायची. "माजं बी खाजगीच हाय," ती म्हणाली. मी भेळ खाल्ली. तिखट होती.

तीन वर्षं असं चाललं. मग एका दुपारी, साडेतीन वाजता, हे गेले. बाईनं त्यांचे डोळे मिटले, हात सरळ केले, तोंड पुसलं. मग एप्रन काढला, घडी घातली आणि खुंटीला न लावता माझ्या मांडीवर ठेवला. सहा वाजायला अडीच तास होते. ती माझ्या शेजारी सोफ्यावर बसली आणि तिनं माझा हात धरला. बेल वाजवायला ती बाहेर गेलीच नाही.

आता ती सांगलीला कुणाच्या तरी आईला सांभाळते. माझ्या अक्षरातल्या नेमणूकपत्राची झेरॉक्स काढून तिनं तिथं आधी टेबलावर ठेवली आणि मग एप्रन घातला, असं ऐकलं. तिच्या ओळखीच्या चार-पाच जणीही आता तीच झेरॉक्स घेऊन कामाला जातात. फाटकावर घसा बसवून मला जे जमलं नाही, ते शाईच्या पेनानं थोडंफार झालं म्हणायचं.

ह्यांच्या वर्षश्राद्धाला ती आली. मी पुढच्या दाराकडं कान लावून बसलेली, आणि ही मागच्या दारानं येऊन सरळ स्वयंपाकघरात. एप्रन नव्हता. पिशवीतून तिनं सांगलीला दिलेल्या रजेच्या अर्जाची प्रत काढली. "काकू, बगा बरं, बरूबर ल्हिलंय का?" मी चष्मा लावला. कारणाच्या ओळीत लिहिलं होतं, 'घरच्या माणसाचे वर्षश्राद्ध.' मी ती ओळ बराच वेळ तपासली. "शुद्धलेखन बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

जेवणं झाली, माणसं पांगली. तिची पिशवी दाराशी गेली तशी मी म्हटलं, "अजून एक दिवस राहा की गं."

"रजा येकाच दिसाची हाय."

"वाढवून मागू. अर्ज मी लिहून देते."

"कारण काय घालताय?"

तेहतीस वर्षं अर्ज चाळलेली मी, पण मला कारण सुचेना. म्हणजे सुचलं होतं, लिहिता येण्यासारखं नव्हतं. "खाजगी," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडं. आणि तोंड डावीकडं वाकडं करून, अगदी त्यांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नामंजूर."

वर्षभर हा शब्द घरात उमटला नव्हता. ह्या शब्दावर मी दातओठ खाल्ले होते, ह्याच शब्दानं मला नवरा मिळाला होता.

"परत एकदा म्हण," मी म्हटलं.

तिनं घड्याळाकडं पाहिलं. एस्टीला दहा मिनिटं होती आणि स्टँड लांब. ह्या घरात दुसऱ्यांदा घड्याळाचं न ऐकता तिनं पिशवी खाली ठेवली, आणि म्हणाली.