पहिली मी खाईन

माझ्या मैत्रिणीचं घर हाकेच्या अंतरावर आहे. मी मागच्या दारात उभी राहून "ए गो" केलं, की ती तिच्या ओटीवरून "काय गो" करते. आम्ही दोघी एकाच वैशाखात लग्न होऊन या गावात आलो. मुरबाडकडचं लहानसं गाव, पुढे भातशेती, मागे डोंगर आणि डोंगराच्या अंगाला आदिवासींची वाडी. दोघींना सासवा कडक मिळाल्या, म्हणून दोघींची लवकर जमली. तिच्या पोटात काय आहे ते तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळायचं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे, थोडं फुशारकीनंच सांगते.

मागच्या वर्षी ती न्हाणीत घसरली आणि कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. नवरा आधीच गेलेला, मुलगा कल्याणला असतो, तो न्यायला आला होता. ही गेली नाही. म्हणाली, "तिकडं खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. मी काय बघत बसू?" मग तिचं जेवण मी न्यायला लागले. चहा, आंघोळीचं पाणी, वेणी, सगळं मीच. तिला मी काडी उचलू दिली नाही. कुणी विचारलं, "कशी आहे ती?" तर उत्तर मी द्यायची. ती शेजारी बसलेली असली तरी.

अशी एकटी राहिलेली म्हातारी माणसं गावात आणखीही निघाली. कुणाची पोरं बदलापूरला, कुणाची डोंबिवलीला. म्हणून आमच्या बचत गटाच्या बायकांनी ठरवलं, की पाळीपाळीनं प्रत्येकीकडे दुपारचा डबा न्यायचा आणि तासभर बसायचं. माझी सून याला व्हॉलंटिअर म्हणते. आम्ही 'पाळी' म्हणतो. देवळाच्या मंडपात बैठक झाली. माणसं कमी पडत होती, तेव्हा मी उभी राहिले.

"वाडीवरच्या बायांना घ्या की. त्या काय गावच्या नाहीत?"

मग कोपऱ्यातून एकजण पुटपुटली, "भातलावणीला येतात ते येगळं. पण त्यांच्या हातचं खाणार कोण गो?"

मी म्हणाले, "मी! पहिली मी खाईन."

टाळ्या पडल्या. माझा फोटो निघाला. दोन दिवस मी हवेत होते, खोटं कशाला सांगू. मी मनात काय धरलं होतं, तर वाडीवरच्या बाया दुसऱ्या म्हाताऱ्यांकडे जातील आणि माझी मैत्रीण माझ्याकडेच राहील. तसं काही झालं नाही. सगळ्यांना सगळीकडे जायचं, असं ठरलं. माझ्या मैत्रिणीच्या घरी मंगळवारची पाळी वाडीवरच्या एका बाईकडे गेली.

पस्तिशीची असेल. काटक, हसरी, नाकात चमकी. आमच्याकडे कितीतरी वर्षं लावणीला आलेली, मागच्या दारी पाणी प्यायलेली. आता ती माझ्या मैत्रिणीच्या पुढच्या दारानं आत जाऊ लागली. मीच दार उघडायला लावलं होतं, तेव्हा बोलणार कुणाला?

पहिल्या मंगळवारी मी काही गेले नाही. दुसऱ्या मंगळवारी चाळण आणायच्या निमित्तानं गेले. तिसऱ्याला काडेपेटी. ओटीवर बघते तर काय, पळसाच्या पानांचा ढीग पडलेला, माझी मैत्रीण मांडीवर पानं घेऊन पत्रावळी टोचतेय आणि ही बाई समोर बसून तिला भरभर पानं देतेय.

"आय, हात चालव गो. मुरबाडची गाडी गेली तर माझा बाजार बुडेल."

"चालवते गो बाय, मला काय चार हात आहेत?"

मला राग आला. मी म्हणाले, "अगं, पेशंट माणसाला कामाला लावतेस? तुला पाळी दिलीय ती सेवा करायला."

ती बाई नुसती हसली. उत्तर माझ्या मैत्रिणीनं दिलं. "आज काय विसरलीस गो? काडेपेटी ना? चुलीजवळ आहे, घे आणि जा. आमची गडबड आहे."

आमची! मी काडेपेटी घेतली आणि निघाले. माझ्या घरात काडेपेट्यांचं अख्खं पुडकं पडलेलं होतं.

संध्याकाळी मी गेले तेव्हा विषय काढला. म्हटलं, "तुझ्या कमरेला त्रास होईल." ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू आलीस की मी आजारी होते बघ. ती आली की मला उशीर होतो. उशीर व्हायला किती बरं वाटतं, तुला नाय कळायचं."

मी वेणी घालत होते. जरा जोरातच ओढली असेन.

मग व्हॉट्सअपवर फोटो आला. कुणीतरी मंगळवारचा काढला होता. माझी मैत्रीण आणि ती बाई, मध्ये पत्रावळींची चळत, दोघी तोंड उघडून हसताहेत. खाली लाल बदामांचा पाऊस. माझा बैठकीतला फोटो त्याच ग्रुपवर होता, त्याला एवढे बदाम आले नव्हते. मी बोटानं ग्रुप वर सरकवत जाऊन बघून आले. सुनेनं विचारलं, "आई, काय शोधताय?" मी म्हटलं, "काही नाही, पंचांग."

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. माझी मैत्रीण तिला 'बाय' म्हणायला लागली. नवरी होतो तेव्हा ती मला बाय म्हणायची. पुढे मुलं झाली, सुना आल्या, मी नुसती 'गो' उरले. आणि ते राहिलेलं 'बाय' आता डोंगरावरून आलेल्या बाईला मिळालं.

आषाढ लागला आणि डोंगरावर फोडशी उगवली. गवतासारखी लांब कोवळी पानं असतात, बाहेर कुणाला दाखवली तर म्हणेल गुरांना घाला. पण आमच्याकडे वर्षभर तिची वाट बघतात. माझ्या मैत्रिणीचा त्या भाजीवर जीव. जवळा, ती सुकी बारीक कोळंबी, घालून केली, तर ती दोन भाकऱ्या खाते. हे त्या बाईला काय माहीत? हे मला माहीत. मी धसईच्या बाजारात जाऊन पहिल्या जुड्या आणल्या. मुद्दाम मंगळवार धरला. निवडली, धुतली, कांदा परतून जवळा टाकला, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आणि गरम डबा घेऊन भर दुपारी ओटीवर हजर.

ती बाई तिथंच होती. मला तेच हवं होतं.

मी ताट वाढलं. वास सगळ्या ओटीवर पसरला. मग मी मोठ्या मनानं दुसरं ताट घेतलं आणि त्या बाईला म्हणाले, "बस गो, तूपण खा. माझ्या हातची खाऊन बघ."

ती मागे सरकली. "नको काकी."

"लाजतेस काय? बस."

"नाय काकी, मला नाय चालायची."

मला नाय चालायची! माझ्या डोक्यात सणक गेली. सगळ्या गावासमोर मी हिच्यासाठी उभी राहिले आणि ही माझं ताट नाकारते! बोलून गेले. "वा गो वा! आमी तुमच्या हातचं खायला तयार झालो, आणि आता तुमाला आमचं चालत नाय?"

त्या बाईचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "तसं नाय गो काकी. आमच्या वाडीचं अजून देवाला दाखवून झालं नाय. भगत दिवस धरेल, देवापुढं नवी भाजी ठेवील, मग आमी खाणार. त्याच्या आधी आमचं पोरगंसुद्धा तोंडात घालत नाय. तुमाला ठाऊक असेल असं वाटलं."

ठाऊक होतं तसं. त्यांचं असं काहीतरी असतं, एवढं ठाऊक होतं. इतकी वर्षं डोंगराच्या पायथ्याशी राहून कधी विचारलं मात्र नव्हतं, की काय असतं, कधी असतं.

मी मैत्रिणीकडे वळले. "बरं, तिचं राहू दे. तू घे, गार होतंय."

तिनं ताटाकडे बघितलं. जवळ्याकडे बघितलं. आवंढा गिळला, मला दिसला. आणि ताट हातानं लांब सारलं.

"मी पण थांबलेय गो. यंदा मी त्यांच्याबरोबर खाणार. बाय न्यायला येणार आहे."

मी डबा भरला आणि घरी आले. स्वयंपाकघरात एकटीनं बसून ती भाजी खाल्ली. भाजी फर्मास झाली होती. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर मी जेवण न्यायची, पण गप्पा नाही. ताट ठेवायचं, भांडी उचलायची. मैत्रीण म्हणायची, "तोंड का फुगलंय?" मी म्हणायची, "दात दुखतोय." तिला माहीत, माझे दात कवळीचे आहेत.

मग एका सकाळी ती बाई माझ्या दारात आली. पुढच्या दारात. म्हणाली, "काकी, आज आमचं नवं आहे. आयला वर न्यायचंय. तुमी चला."

मला आत कुठंतरी बरं वाटलं. तरी ताठ्यात विचारलं, "मी कशाला? तिनं बोलावलंय का?"

"आमचे दोघं तिला खुर्चीवर उचलून नेतील. वॉकर धरायला माणूस नाय."

घ्या! मला बोलावलं ते वॉकर उचलायला. तरी मी गेले. घरी बसून नुसतं मनात चित्र बघत राहण्यापेक्षा तिथं जाऊन जळलेलं बरं.

रिक्षा चढाच्या सुरुवातीपर्यंत गेली. पुढे त्या बाईचा नवरा आणि दीर, दोघांनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली. त्या खुर्चीत माझी मैत्रीण नवं लुगडं नेसून बसलेली. ते लुगडं तिला मी नेसवलं नव्हतं. मागून मी, वॉकर डोक्यावर धरून, धापा टाकत. कमरेचं हाड तिचं मोडलेलं आणि घाम मला.

वाडीवर अंगण सारवलेलं होतं. भगतानं देवापुढं भाजी ठेवली, काहीतरी पुटपुटला. मग पंगत बसली. पत्रावळी कुणाच्या? माझ्या मैत्रिणीनं टोचलेल्या. त्या बाईनं सगळ्यांना सांगितलं, "या आयनं केल्यात." बायका एकेक पत्रावळ उचलून टाके बघत होत्या. मैत्रीण मान खाली घालून हसत होती, नवरी असताना हसायची तशी. देवानंतरचा पहिला घास सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला देतात म्हणे. तो तिला दिला. ती माझ्याहून फक्त काही महिन्यांनी मोठी आहे, हेही सांगून ठेवते.

मी पंगतीच्या शेवटच्या टोकाला, वॉकरजवळ. वाढत वाढत येणारी एक म्हातारी माझ्यापुढं थांबली. तिच्या हातात भाजीचं पातेलं. तिनं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमाला चालंल ना आमच्या हातचं?"

सगळ्या पंगतीनं माझ्याकडे बघितलं. देवळाच्या मंडपातले माझे शब्द मला आठवले. पहिली मी खाईन. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांचं वाढून झालं होतं, आता माझी पाळी.

"वाढ गो," मी म्हटलं. "भरपूर वाढ. मी कधीची थांबलेय."

भाजी नुसती शिजवलेली, वरून थोडी मिरची. जवळा नाही, कांदा नाही. मी सगळी संपवली. समोर माझी मैत्रीण त्या बाईच्या खांद्याला टेकून बसली होती. मी बघत होते आणि जळत होते. पंगतीत बसलं म्हणून जळणं थांबतं असं काही नाही.

उतरताना वाट अरुंद होती. खुर्ची पुढे, मी शेजारून. ती बाई मागे राहून पोरांना हाका मारत होती. मैत्रिणीनं मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकले.

"मीठ कमी होतं ना गो?" ती कुजबुजली.

"होतं."

"आणि जवळा पायजे होता."

"पायजेच होता."

"तिला सांगू नको हां, बाय. वाईट वाटेल तिला."

मी वॉकर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. मागून त्या बाईनं विचारलं, "काय बोलताय गो दोघी?"

"काही नाही," मी म्हटलं. "आमचं आहे."