तीन मतांची अक्का

नामदेव महूच्या छावणीतून इंदूरला आला की आमच्या गिरणीच्या दारातूनच ओरडतो, "शिवा, गड्या, चहा पाज!" आमच्या वाडीचा, माझ्या बरोबरीचा, पलटणीतला गडी. रजेवरून परतला की गावाकडची बाजरी, चटणी आणि बातम्या घेऊन आधी माझ्याकडं येतो. त्या दिवशी पाळी सुटली तेव्हा तो दारापाशी नुसता उभा होता, टोपी हातात घेऊन. मी लांबूनच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. जवळ गेलो तर म्हणाला, "आपली अक्का गेली रं." 'तुझी' नाही म्हणाला, 'आपली' म्हणाला. मला रडू आलं ते बहुतेक त्या एका शब्दानं... माणदेशातून इंदूरला बातमी पोचेपर्यंत तिकडं तेरावंसुद्धा उरकलं होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. लिहू की नको, असं रोज मनात येतं. चौथीतून शाळा सुटलेला माणूस मी. वर्तमानपत्रात लिहायचं म्हणजे एकेक ओळ तीनदा खोडतो. पण अक्कावर दुसरं कोण लिहिणार? आणि तिची ती निवडणूक सांगितली नाही, तर ती कुणाला कळणारही नाही.

अक्का माझी थोरली बहीण. आमच्यात अंतर इतकं की मला ती आईच्याच जागी. माझ्या जन्माच्या सुमारास तिचं लग्न झालं आणि मी रांगत होतो तेव्हा तिचा नवरा पहिल्या जर्मन लढाईत बसऱ्याकडं पडला. ती माघारी आली ती सरकारची पेन्शन घेऊन. त्या पेन्शनवर आणि चार शेरडांवर तिनं मला वाढवलं. वाडीत शाळा नव्हती. मोठ्या गावची शाळा दोन टेकड्यांपलीकडं. थोरली पोरं होती तोवर त्यांच्यामागं मी जात राहिलो, ती सुटली तशी माझीही सुटली. पुढं माधवनगरच्या गिरणीत एका सोयऱ्याच्या ओळखीनं तिनंच मला चिकटवलं. जाताना म्हणाली होती, "शाळा वाडीत असती तर तू आज मास्तर असतास रं, शिव्या." मला ते खरं वाटलं नव्हतं, पण तिच्या मनातून ते कधी गेलं नाही.

सेहेचाळीस साली मुंबईच्या कायदेमंडळाची निवडणूक आली. आजकाल लोक म्हणतात की आता सगळ्यांना मत मिळणार. तेव्हा तसं नव्हतं. ज्याचा शेतसारा पुरेसा, जो परीक्षा पास, जो पलटणीतून पेन्शनीवर आलेला, अशांनाच मत. आणि पलटणीत मेलेल्या शिपायाची पेन्शन ज्या विधवेला किंवा आईला मिळते, तिलाही. माझं नाव कुठंच नव्हतं. शिक्षण नाही, जमीन नाही, शिवाय माधवनगर पडलं संस्थानी मुलखात. पण आमची वाडी पलटणीची. घराआड एक शिपाई गेलेला. त्यामुळं झालं असं की वाडीत बाप्यांपेक्षा मत असलेल्या बायाच जास्त! ही गोष्ट मी गिरणीत सांगितली की लोक हसायचे. मी मात्र ती मान वर करून सांगायचो.

दुसरी गंमत अशी की आमच्या मतदारसंघाला एकच जागा नव्हती, तीन होत्या. म्हणून मतदारालाही मतं तीन. ती तिघांना वाटून द्यायची की तिन्ही एकालाच, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. उमेदवार बरेच होते, पण आमच्या खडकाळ वाडीपर्यंत चढून आले ते तिघं. साताऱ्याचे एक वकील, कृष्णाकाठचे बागायतदार दादासाहेब, आणि आमच्या माणातलेच एक मास्तर. तिघांच्या अंगावर खादी आणि तिघांच्या तोंडी गरिबांचं भलं. फरक एवढाच की मास्तरांनी उठताना सांगितलं, "निवडून आलो तर वाडी तिथं शाळा, हेच पहिलं मागणं करीन." अक्कानं ते ऐकलं आणि तिचा जीव तिथंच अडकला.

पण आमच्याकडची रीत आडवी आली. दारात आलेला पाहुणा तहानेला जाऊ द्यायचा नाही, आणि एका पंक्तीला बसलेल्यांत एकाला वाढून दुसऱ्याला वगळायचं नाही. तिघंही उमेदवार वाडीत हुलग्याचं माडगं पिऊन गेले होते. बायांनी मनाशी सरळ ठरवून टाकलं, पाहुणे तीन, मतं तीन, एकेकाला एकेक. कुणाचा अपमान नको. तानूकाकू, आमच्या शेजारची, तिचा लेक फ्रान्सात पडलेला, ती तर तिघांनाही तोंडानं "व्हय" म्हणून बसली होती.

अक्कानं सगळ्या बायांना तिच्या पडवीत गोळा केलं. वकील, दादासाहेब आणि मास्तर अशा तीन वाट्या मांडल्या, प्रत्येकीच्या हातात तीन तीन चिंचोके दिले. म्हणाली, "टाका." प्रत्येकीनं प्रत्येक वाटीत एकेक टाकला. मग अक्कानं पोतंभर चिंचोक्यातले मूठमूठ पहिल्या दोन वाट्यांत ओतले. "ही नदीकाठची गावं. लय मोठी. ह्यात आपलं कुठलं, दाव बघू?" कुणाला दाखवता येईना. मग तिनं बायांनी टाकले होते तेवढे चिंचोके मोजून सगळे तिसऱ्या वाटीत टाकले. "आता दिसत्यात का?"

"दिसत्यात गं," तानूकाकू म्हणाली, "पर ते दोघं पाव्हणे उपाशी गेल्यावानी वाटतंय."

"पाव्हण्याला भाकरी देत्यात. मत म्हंजी भाकरी न्हवं."

"आन् दादासाहेबांनी गूळ धाडलाय त्याचं?"

हा गुळाचा मुद्दा खरा होता. ऊसवाल्या दादासाहेबांनी मत असलेल्या प्रत्येक घरी गुळाची एकेक भेली पाठवली होती. साखर रेशनची, गूळ महाग, आणि आमच्या माणात ऊस तर चित्रातच बघायचा. अक्कानं तिची भेली अजून फडक्यातून सोडलीही नव्हती. म्हणाली, "परत करायचा."

"माझा तर खाऊन झाला की गं बाई!" तानूकाकू कळवळून म्हणाली आणि सगळी पडवी हसली.

हे सगळं नामदेवाच्या घरच्यांकडून मला माधवनगरला कळलं, आणि त्याबरोबर हेही कळलं की अक्का दहिवडीच्या बाजारात दादासाहेबांच्या सभेला जाऊन त्यांना तोंडावर 'मत देणार नाही' असं सांगणार आहे. पण दादासाहेब नुसते उमेदवार नव्हते. मधे अक्काची पेन्शन कशानंतरी अडकली होती, वर्षभर पैसा आला नव्हता, तेव्हा त्यांनीच साताऱ्याच्या कचेरीत शब्द टाकून ती सुरू करून दिली होती. ज्यानं सुरू केली त्याला बंद करता येणार नाही का? मी रजा काढली, मिळेल त्या गाडीनं आणि पुढं पायी वाडी गाठली.

"अक्का," मी म्हणालो, "सगळी मास्तरला दे, माझं काय न्हाई. पर जाऊन सांगतीस कशाला? गप्प ऱ्हा. आत कोण बघतंय?"

ती शेरडाची धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बघतीय न्हवं."

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर गुळाचं फडकं घेऊन पुढं आणि मी मागं, असे आम्ही दहिवडीला गेलो. वाटभर मी मनातल्या मनात पेन्शनीवाचूनचा तिचा उन्हाळा बघत होतो.

सभा संपत आली होती. दादासाहेब खुर्चीवर, भोवती फेटेवाले. अक्का गर्दीतून वाट काढत थेट समोर गेली आणि भेली त्यांच्या पायाशी ठेवली. "दादासाहेब, ह्यो तुमचा गूळ. आमच्या वाडीतली मतं तुमाला न्हाईत. तिन्हीच्या तिन्ही मास्तरला. तुमी माझ्या दारी बसून गेलाय, म्हणून तोंडावर सांगाया आले."

एक फेटेवाला उसळला. "आवं बाई, पेन्शन कुणी सुरू केली, याद हाय का?"

"हाय की. जल्मभर ऱ्हाईल. देवापुढं त्यांचं नाव घेते मी. पर मत त्या पेन्शनीचं न्हाई, बाबा. मत माझ्या मालकाच्या जिवाचं हाय. ते उपकारात कसं देऊ?"

मी मागून तिचा पदर ओढला. दादासाहेबांनी गुळाकडं बघितलं, मग अक्काकडं. म्हणाले, "आणि मी तुमच्याकडं माडगं प्यालो, त्याचं काय?"

"ते पाव्हण्याचं हुतं. ते माघारी घेत नसत्यात. कवाबी या."

कुणीतरी हसलं, मग दादासाहेबही हसले, पण ते हसणं बरं होतं की वाईट, मला उमगलं नाही. परतीच्या वाटेवर अक्का मला म्हणाली, "एवढा कशाला भ्यालास रं? शेवग्याच्या पाल्यावर दिवस काढलेत मी. पेन्शन गेली तर पाला हाय."

मतदानाच्या दिवशी वाडीतल्या बाया एका रांगेत मोठ्या गावच्या चावडीला गेल्या. ज्या बायांना पाटलाच्या दारावरून जाताना पदर ओढून खाली बघत जावं लागायचं, त्याच बाया त्या दिवशी मधल्या रस्त्यानं गेल्या. मी चावडीबाहेर उभा, कारण मला मत नव्हतं. रिकामा उभा होतो, पण त्या दिवसाइतका ताठ मी कधी उभा राहिलो नाही. तानूकाकू बाहेर आली ती कपाळ पुसत. "दिली बाई तिन्ही मास्तरला. पर आत गेल्यावर गूळ घशात आठवत हुता."

मास्तर पडले. नदीकाठापुढं आमच्या मुठीचं काय चालणार! दादासाहेब दणक्यानं निवडून आले. तानूकाकू हळहळली, "गेली की गं मतं मातीत." अक्का म्हणाली, "मातीत कशी? मोजली न्हवं कुणीतरी?"

त्यानंतर पेन्शनीचा दिवस येईपर्यंत मला माधवनगरला झोप नव्हती. पेन्शन आली. नेहमीसारखी आली. आणि सुगीनंतर एके दिवशी दादासाहेब स्वतः वाडी चढून आले, बरोबर कुणी फेटेवाला नाही. पडवीत बसले, माडगं मागून घेतलं. हे मला अक्कानंच पुढं सांगितलं, आणि सांगताना ती अशी बसली होती की जणू ते अजून समोरच आहेत.

"बाई, तुमच्या वाडीनं मला एकही मत दिलं नाही."

"सांगितलंच हुतं की."

"म्हणून तर आलोय. ज्यांनी ज्यांनी 'देतो' म्हणून सांगितलं, त्यातलं कोण खरं नि कोण खोटं, ते मला मरेपर्यंत कळायचं नाही. तोंडावर 'नाही' सांगणाऱ्याला खोटं बोलायचं कारण नाही; खरी कळली ती तुमचीच वाडी तेवढी. काय पाहिजे वाडीला?"

अक्कानं क्षणभरही विचार केला नाही म्हणे. "शाळा."

"मास्तरचं मागणं मी पुरं करू?"

"मागणं आमचं हाय. मास्तरनं नुसतं बोलून दावलं."

जागा नाही, इमारत नाही, अशा अडचणी कचेरीनं काढल्याच. अक्कानं पडवी रिकामी करून दिली. शेरडं बाहेर बाभळीखाली बांधली. स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या हंगामात वाडीला गुरुजी आले. मी तोवर जास्त मजुरीसाठी इंदूरला आलो होतो. मागल्या दिवाळीला गेलो ती आमची शेवटची भेट. पडवीत पोरं पाढे म्हणत होती आणि मोजायला त्यांच्यापुढं तेच चिंचोके, पोतंभर. अक्का उंबऱ्यावर बसलेली. तिला अक्षर येत नव्हतं, पण शाळेचा एक नियम तिनं घातला होता आणि गुरुजींनीही तो मानला होता. ज्या पोराला उद्या यायचं नाही, त्यानं आज उंबऱ्यापाशी थांबून अक्काला तोंडावर सांगून जायचं. शेरडं राखायची आहेत, आई आजारी आहे, काहीही चालेल. पण न सांगता दडी मारायची नाही. एक शेंबडं पोर माझ्यादेखत आलं, म्हणालं, "अक्का, उद्या मी न्हाई. जत्रंला जातूय." "जा," ती म्हणाली, "परवा कुठं?" "परवा येतूय." तेवढं ऐकून तिनं त्याच्या गालाला हात लावला.

तिला त्या उंबऱ्यावर बघून मला वाटलं होतं की ही कायदेमंडळात गेली असती तर काय झालं असतं... मी तसं बोललोही. ती म्हणाली, "शिव्या, तुला मत मिळालं का अजून?" मी म्हणालो, आता मिळंल म्हणत्यात, सगळ्यांना. "मग आत गेल्यावर भिऊ नगंस," ती म्हणाली. बस, एवढंच. माझी गाडी होती, मी निघालो.

बातमी घेऊन आला त्या दिवशी नामदेव माझ्या खोलीवर राहिला. रात्री म्हणाला, तेराव्यानंतर शाळा परत भरली, तेव्हा तो पडवीसमोरच होता. उंबरा रिकामा. सुट्टी झाली, पोरं दप्तरं घेऊन पळाली. एक पोरगी मात्र दारात थांबली. इकडं तिकडं बघितलं, गुरुजींकडंसुद्धा बघितलं नाही. मग त्या रिकाम्या उंबऱ्याकडं तोंड करून म्हणाली, "अक्का, उद्या मी न्हाई येत. आईसंगं बाजारला जायाचंय." आणि थोडं थांबून, जणू तिला कुणी विचारलंच, "परवा येतीय."

नामदेव वाडीतून निघाला त्या दिवशी गुरुजी त्याला सांगत होते, सगळीच पोरं अजून तसंच करतात.