प्लॅस्टिकचा जबडा

डॉक्टरांनी खोक्यातून माझ्या नवऱ्याचा खालचा जबडा काढला आणि माझ्या हातात दिला. नवरा शेजारच्या खुर्चीवर आपल्या जबड्यासकट बसला होता. हा दुसरा, पांढरा, प्लॅस्टिकचा.

"घाबरू नका ताई," डॉक्टर म्हणाले. "मागच्या आठवड्यात सीटी स्कॅन केला ना, त्यावरून बनवलाय. प्रिंटरच आहे, पण कागदावर छापत नाही. थरावर थर चढवत जातो. माप तंतोतंत यांचंच."

मी घाबरले नव्हते. मला काहीच वाटलं नव्हतं. यांच्या समोरच्या दातांतला एक दुसऱ्यावर चढलेला आहे, तो प्लॅस्टिकमध्येही तसाच होता. उजवीकडे मागे मात्र हाड उधईने खाल्लेल्या लाकडागत पोखरलेलं. मी तिथे बोट घालून पाहिलं. बोटाचं पेर आत गेलं.

आमचं गाव पवनीच्या बाजूला. मी अंगणवाडीत आहे. नवरा गावच्या तलावात मासे धरतो, त्यांच्या घरात सगळेच धरतात. जाळं ओढताना तोंडात खर्रा हवाच. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला. आधी त्यांचं तोंड उघडणं कमी झालं. मग गालाच्या आत फोड आला, मग एक दात आपोआप हलायला लागला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि नागपूरची चिठ्ठी दिली. चिठ्ठीत काय आहे ते मी बसमध्ये वाचलं. त्यानंतर मी रोज अंगणवाडीत गेले, लेकरांची वजनं घेतली, खिचडी वाटली. कोणी विचारलं की सांगायचे, कॅन्सर आहे. भाव सांगावा तसं.

डॉक्टरांनी प्लॅस्टिकवर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. "इथून इथपर्यंत काढावं लागेल. त्या जागी पायातलं हाड बसवू. ही धातूची पट्टी या जबड्यावर आधीच वाकवून ठेवलीय, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी मापं घेण्यात वेळ जात नाही."

"पायाचं हाड? मग चालतीन कसे?"

"पिंडरीत दोन हाडं असतात. बारकं घेतो आपण."

नवरा तेव्हा पहिल्यांदा बोलला. शब्द दातांतच अडकले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"जाळं ओढता येईन का, म्हणतात," मी सांगितलं.

"येईल. वेळ लागेल."

ऑपरेशनला सकाळी नेलं ते दिवस बुडेपर्यंत. माझी नणंद सोबत होती, तिचे डोळे रडून सुजले होते. ती म्हणाली, "तू काहून रडून नाही राहिली वो?"

"येऊनच नाही राहिलं."

खरंच येत नव्हतं. मी खाली जाऊन दोन समोसे खाल्ले. चांगली भूक लागली होती.

ते बाहेर आले तेव्हा नाकात नळी, मानेला टाके, पाय गुंडाळलेला. सूज उतरल्यावर चेहरा बराचसा त्यांचाच निघाला. हनुवटी मात्र बधिर झाली ती झालीच. नस गेली होती. पेज ओघळली तरी त्यांना कळायचं नाही. मी पुसायचे.

सुट्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी तो जबडा आम्हालाच दिला. मी तो पेटीत टाकला. पुढे रेडिएशनचे शेक देऊन झाले, बोलणं थोडं सुटलं, तेव्हा एक दिवस त्यांनी तो मागितला.

"हा माया होय?"

"हो."

"आन खरा कुठी हाय?"

"तपासाले पाठवला होता."

"मंग?"

"मले नाही माहीत."

मी ते कधी विचारलंच नव्हतं. ते खाटेवर बसून त्या पोखरलेल्या जागेवर अंगठा फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी जबडा थैलीत घालून ते लंगडत पानठेल्यावर गेले. मी मागून गेले. ठेलेवाला त्यांचा जुना दोस्त. त्याच्यासमोर, खर्ऱ्याच्या पुड्यांशेजारी, त्यांनी तो ठेवला. लोक हातात घेऊन पाहू लागले. एकाने आपल्या हनुवटीला लावला आणि हसला.

"कोणाचा होय बाप्पा?"

नवऱ्याने आपल्या तोंडाकडे बोट दाखवलं. हसणाऱ्याने जबडा खाली ठेवला. नवऱ्याने तो तिथेच राहू दिला. त्या दिवशी गिऱ्हाइकांतले दोघं खर्रा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी दोघंही घ्यायला आले.

तिसऱ्या दिवशी ठेलेवाला स्वतः जबडा घेऊन आमच्या दारात आला. "वहिनी, गिऱ्हाइकी काही तुटली नाही," तो म्हणाला. "पण याच्यासमोर मले घोटताच नाही येऊन राहिलं. ठेवा तुमच्यापाशी."

आजवरच्या तपासण्या ठीक आल्या आहेत. मी भात कुस्करून देते, माशाचे काटे काढून देते. यंदा ते पुन्हा तलावात उतरले. मी अंगणवाडीत जाताना तलावाच्या बांधावर, पाळीवर थांबले होते. त्यांनी पाण्यातून काहीतरी ओरडून सांगितलं. दीर दुसऱ्या टोकाला दोर धरून उभा होता, त्याला समजेना.

"दादा काय म्हणते, वहिनी?"

"दोर ढिला सोड म्हणतात."

त्याने सोडला. जाळं सरकू लागलं. मी पुढे निघाले आणि चार पावलांवर थांबले. तिथेच पाळीवर बसले. ऑपरेशनच्या दिवशी जे आलं नव्हतं, ते आता आलं. मदतनीसबाईंना फोन केला, आज थोडा उशीर होईल म्हणून. त्यांनी कारण विचारलं. "जाळं बाहेर येऊ द्या," मी म्हटलं.