लामत्याची सोयरीक आणि तडकलेलं चाक

बालाघाटात गाडीचं चाक वाकडं झालं की माणूस आधी खड्ड्याला शिव्या देतो, मग सरकारला, आणि दोघंही ऐकत नाहीत म्हणून शेवटी महागूला. महागू बस स्टँडमागे अलॉय व्हील दुरुस्त करतो. त्याचे वडील बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायचे. धाव गोवऱ्यांत लालभडक तापवायची, चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं. हीच विद्या घेऊन महागूने पहिलं अ‍ॅल्युमिनियमचं अलॉय चाक भट्टीत ठेवलं आणि ते लाल व्हायची वाट बघत बसला. अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चाक शेवटपर्यंत पांढरं राहिलं आणि एकाएकी उन्हातल्या गुळासारखं खाली बसलं. गाडीमालकाने महागूच्या सात पिढ्यांची आदराने आठवण काढली. तेव्हापासून महागू रिमवर साबणाची रेघ ओढतो. रेघ तपकिरी झाली की आच बंद, मग जॅकने हळूहळू दाब.

गिऱ्हाइकंही एकेक रत्न. हवा उतरते म्हणून सहा महिने दर तीन दिवसांनी हवा भरतील, नवा टायर घेतील, पण जिच्यामुळे हवा निसटते ती रिमच्या काठावरची पांढरी भुकटी घासून काढायची म्हटलं की, "अन् तेवढ्यानं काय होते?"

त्या दिवशी सकाळी अकराला बंडोपंत आले. ट्रेझरीतून रिटायर्ड झालेले. सोबत मुलगा संकेत आणि खड्ड्यात आपटलेलं चाक. दोनपर्यंत लामत्याला पोचायचं होतं, संकेतसाठी मुलगी बघायला. मुलापेक्षा गाडीचेच फोटो आधी पाठवले होते, त्यामुळे चाकाची इज्जत घरच्यांपेक्षा मोठी झाली होती.

महागूने रिमला एका बाजूने खडू घासला, दुसऱ्या बाजूने रॉकेल लावलं. दहा मिनिटांत खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली. तडा होता, काठापासून थेट आऱ्यात.

"काठावर असती तं वेल्डिंग मारून देलं असतं. आऱ्यात गेली. चाक गेलं, साहेब."

"अरे, केसाएवढी तर आहे! वेल्डिंग मार, वरून रंग मार. चाळीस वर्षं नोकरी केली, असल्या बारीक गोष्टीसाठी मी कुणाची फाइल अडवली नाही."

बालाघाटात ही बातमी नवीन होती.

"फाइल फाटली तं कोणी मरत नाही, साहेब."

संकेत म्हणाला, "पापा, नया दुकानवाला एक घंटे में कर देगा."

"जा ना मंग. चाक मात्र इथंच राहीन." महागूने त्यावर पाय ठेवला.

बंडोपंतांचा आवाज एकदम मऊ झाला. माणूस कापायच्या आधी त्यांचा तो व्हायचाच. "महागू, आमची अर्धी कॉलनी तुझ्याकडे माझ्या शब्दावर येते. विचार कर."

महागूने केला. खरंच येत होती. घरात लेकीचं, श्रुतिकाचं, कॉलेज होतं, गल्लीत नवं दुकान होतं. पाय मात्र चाकावरच राहिला.

"स्टेपनी लावून देतो," तो म्हणाला.

"तीन चकचकीत आणि एक काळं? मुलीकडचे काय म्हणतील?"

"म्हणतीन, पोरगा जित्ता आला."

बंडोपंतांनी घड्याळ पाहिलं आणि सवयीप्रमाणे मधला मार्ग काढला. "निदान या काळ्याला तरी चंदेरी मार."

"हौ, याले मारतो. हे लोखंड हाय. थोडं खोटं बोललं तरी वजन पेलते."

रंग वाळायला चार तास लागतात, हे महागूने तीनदा सांगितलं. बाप-लेक लगेच निघाले. महागू दुपारभर एका टायरशी झटापट करत राहिला, पण कान फोनकडे. कॉलनी गेली, असंच त्याने धरलं होतं.

साडेतीनला फोन आला. बंडोपंत कुजबुजत होते.

"मुलीच्या वडिलांनी कौतुकाने चाकाला हात लावला."

"मंग?"

"मंग काय, हात चंदेरी. तोच हात नंतर धोतराला पुसला."

"अन् सोयरीक?"

"चहा दुसऱ्यांदा आलाय. ते आणि मी हात धुवायला म्हणून मोरीत उभे आहोत. रंग कशाने निघतो, तेवढं सांग पटकन."

"गोडेतेलानं. अन् साहेब, परतताना हळू या."

"हो रे बाबा. आणि हे विचारताहेत, त्यांच्याही गाडीचं चाक वाकडं असावं, स्टिअरिंग थरथरतं. उद्या पाठवू का?"