चिमूरच्या रस्त्यावरची धडक
मोहाच्या फुलांचा वास आला की १९५६ साल आठवते. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि गावातली पहिली सायकल माझी होती. सकाळी चिमूरच्या बाजाराले निघालो, उतारावर सायकल जोरात सुटली, आणि शेजारच्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची, एक एकटी म्हातारी मोहाची टोपली डोक्यावर घेऊन वळणावर आडवी आली. धक्क्याने ती पडली, मोह धुळीत सांडला. "थांब रे मुडद्या! मारून पळून राह्यला!" ती ओरडली, पण मी थांबलो नाही. खरे म्हणजे मले सायकलवर चढता येत होते, उतरता येत नव्हते. पाय टेकवायला मैलाचा दगड लागायचा. तो लांब सापडला, पण मागे जाऊन हे सांगायची लाज वाटली. संध्याकाळी पारावर लोक म्हणाले, "काऊन रे, बाईचा हात मोडून पळाला म्हणे? आता तिचा मोह कोण वेचंन?" मी सायकल ढकलत घरी निघालो. पळपुटा म्हणवून घेणे चालले, अनाडी म्हणवून घेणे नाही. पण मोह पंधरा-वीस दिवसच गळतो, आणि तिचे सारे वर्ष त्यावरच निघायचे. आजही कोणी धडक देऊन पळाला की लोक शिव्या देतात. मले ठाऊक आहे, पळण्यापेक्षा परत जाणे जड असते. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पायी तिच्या झाडाखाली गेलो आणि मोह वेचू लागलो. ती हात गळ्यात बांधून आली. "बाई, मी पळालो नाई. मले उतरताच येत नाई," मी म्हणालो. "मंग चढलाच काऊन रे?" ती म्हणाली आणि बुंध्याशी पाय लांब करून बसली. मी खाली मान घालून टोपली भरत राह्यलो.