मागचं धूसर करणारी लेन्स

प्राइम लेन्स घ्यावी की नाही, या एका प्रश्नाने त्या हिवाळ्यात माझं डोकं उठवलं होतं. इंटरनेटवर एक जण सांगायचा, अंधाऱ्या हॉलमध्येही फ्लॅशशिवाय फोटो येतील, डोळे मिटून घ्या. दुसरा म्हणायचा, झूम होत नाही, पस्तावाल. नवऱ्याचं मत त्याहून थोर: "मोबाइलमदी काय कमी हाय?" मी शाळेत शिकवते, फोटो हौसेने काढते. एका बाईच्या हौसेला इतके सल्लागार लागतात हे मला माहीत नव्हतं.

शेवटी अकोल्याच्या मैत्रिणीने वैतागून स्वतःची लेन्स माझ्या हातात कोंबली. "वापरून पाह्य अन् ठरव. पन मले आता फोन करू नोको."

त्याच आठवड्यात अमरावतीत भाचीचं, म्हणजे दादाच्या मुलीचं, लग्न होतं. दादाने फोटोग्राफर लावलाच नव्हता. "घरचं मानूस असतानी बाहेरचं कायले?" म्हणजे पोरीच्या लग्नाची आठवण राहिली तरी माझ्यामुळे आणि गेली तरी माझ्यामुळे. हॉलमध्ये उजेड यथातथाच. मी उजेड आत घेणारं लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं आणि लग्न लागताना धडाधड फोटो काढले. भाचीच्या पापणीचा केस न् केस दिसत होता, मागचं सगळं मऊ, धूसर. घ्यायचीच ही लेन्स, मी ठरवून टाकलं.

जेवणं सुरू झाल्यावर दादाला कॅमेऱ्यावर फोटो दाखवले. त्याने चष्मा वर-खाली केला.

"बाबासाहेब कुठी गेले वं?"

"मांगं तसबीर हाय ना त्याइची, दादा. स्टेजवर."

"फोटोत कुठी हायेत? बुद्धाची मूर्ती बी नाई. निरा धुकं दिसून रायलं."

मी कपाळावर हात मारला. लोक याच्यासाठीच तर ही लेन्स घेतात, नजर चेहऱ्यावर राहते, मागची गर्दी जाते, असं त्याला समजावलं.

"गर्दी?" तो म्हणाला.

मी जीभ चावली, पण राग होताच. "पोरीकडं तं पाह्य, कित्ती सुंदर दिसते!"

"पोरगी तं मले रोज दिसे. ह्या दोघाइच्या समोर तिचं लग्न लागलं, थे पाह्याचं होतं मले. उद्यापासून घरात तेवढा फोटोच राहीन."

मी तडक जाऊन नवरानवरीला ताटावरून उठवलं. "आत्या, आता कायले?" भाची करवादली. लिपस्टिक गेलेली, हाताला वरणाचा वास. मी माझी जुनी लेन्स चढवली, फ्लॅश लावला. तसबिरीच्या काचेवर फ्लॅश चमकायला लागला, तेव्हा चिडचिड करत बाजूला सरकले, पुन्हा सरकले. अखेर सगळे एका चौकटीत स्पष्ट आले. फोटो म्हणाल तर अगदी साधा, शाळेच्या गॅदरिंगमध्ये काढतात तसा.

दिवसभर कोरड्या डोळ्यांनी वावरलेला दादा तो फोटो पाहून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. घ्यायचा विचार सोडून लेन्स मी दुसऱ्याच दिवशी अकोल्याला परत केली.