विक्रमशेठची उत्तरपूजा

बोईसरला आलात तर आमच्या गल्लीत या, आणि मग मला सांगा प्रगती कशाला म्हणतात! नाल्याचं पाणी आज लाल, उद्या जांभळं. प्यायचं पाणी टँकरचं. निम्म्या खोल्यांना कुलपं, बंद शेडमधून कुत्री व्यालीत. याच गल्लीत खोली मिळायला एके काळी वशिला लागायचा. तीन पाळ्यांची माणसं एकाच अंथरुणावर आळीपाळीनं झोपायची. खानावळीची चूल विझायची नाय, कोळणींच्या पाट्या दुपारच्या आत रिकाम्या व्हायच्या.

आमचे हे, खंडेराव, माण तालुक्यातून आले ते थेट कंपनीच्या बॉयलरवर लागले. रात्रंदिवस त्याच्यापाशीच. मी त्या बॉयलरला माझी सवत म्हणायचे. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. त्या दिवशी आम्हा बायकापोरांनाही आत सोडायचे, पेढे मिळायचे. म्हातारे मालक चपला काढून हात जोडायचे.

ते गेले, पोरगा विक्रमशेठ गादीवर बसला आणि कंपनीला कुलूप लागलं. "मंदी आहे काका, थोडं थांबा." हे थांबले. माझ्या दिरानं, एकनाथभाऊजींनी, दुसरीकडं काम बघून दिलं, तर गेले नायत. फाटकाशी खुर्ची टाकून राखण करत बसले. मी कपाळ बडवून घेतलं, "अहो, तो शेंड्या लावतोय तुम्हाला!" तर म्हणायचे, "मैना, बॉयलर पुन्हा पेटणार. तू बघच."

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेठचा फोन आला, "काका, उद्या फाटक उघडा. बॉयलर पुसून ठेवा." झालं! ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. जुन्या कामगारांना घरोघर जाऊन बोलावलं. मी पण येडी, पुरणपोळ्या केल्या. हार घातला, पूजा केली, आणि फाटकातून ट्रक आत आला. त्यातनं गॅस कटर उतरला. मेल्यानं बॉयलर भंगारात विकला होता.

हे नुसते बॉयलरवर हात ठेवून उभे. कटरवाली पोरं बिहारची. त्यांनी कुंकू बघितलं, कटर खाली ठेवला आणि चपला काढल्या. "पूजा हुई है, माई. आज नहीं काटेंगे." पूजलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नसतो, हे त्या परमुलखातल्या पोरांना कळलं. शेठला नाय कळलं.

ऐन दसऱ्याला सकाळी तो स्वतः गाडीतून उतरला. पोरं उत्तरपूजा झाल्याशिवाय कटर पेटवायला तयार नव्हती. "काका, पूजा तुम्ही मांडलीत, तुम्हीच उठवा. अक्षता टाका, की हे काम सुरू करतील." आणि हसत होता! ज्यांनी जन्मभर तो बॉयलर जपला, त्यांच्याच हातनं त्याला निरोप द्यायला लावत होता, आणि वर हसत होता.

ह्यांनी माझ्यापुढं हात केला. "मैना, अक्षता दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटी माझ्याकडं होती, ती मी दिली नाय. मूठभर अक्षता घेतल्या, तरातरा पुढं गेले आणि विक्रमशेठच्या डोक्यावर टाकल्या.

"गणपतीला आम्ही म्हणतो, पुढच्या वर्षी लवकर या. तुला नाय म्हणणार. जा, मेल्या. परत येऊ नकोस."